अहिराणी ऐकली की हसायचं

अन्याय झाला तो अक्कावर. गेल्या माघातल्या दुसऱ्या रविवारी, धुळ्याला, आमच्या मंडळाच्या वार्षिक साहित्य मेळाव्यात, जेवणानंतरच्या कविसंमेलनात. ती माईकसमोर उभी राहून आपल्या मेलेल्या बहिणीची कविता म्हणत होती आणि भरलेलं सभागृह पोट धरून हसत होतं.

मला लिहायला शिकवलं ते पत्रकांनी. वसतिगृहाच्या भाजीतल्या अळ्यांचं पत्रक, अडवलेल्या शिष्यवृत्तीचं पत्रक, पाणवठ्याचं पत्रक. पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी, दुसऱ्या ओळीत कोणी केला, आणि तळाला मागणी. मधे रडगाणं नको, वाचणारा चहा पितापिता वाचतो. ती दुसरी ओळ मी आजवर बेधडक लिहीत आलो. गृहपाल, तहसीलदार, सरपंच, जो असेल तो. या खेपेला तिथे 'आम्ही' लिहायचं आहे. चार दिवस कागद पुढ्यात घेऊन बसतोय आणि उठतोय.

अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. साक्री तालुक्यातल्या एका गावात ती प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठी. मंडळात तिच्याहून थोरले आहेत तेही तिला अक्काच म्हणतात. मी धरणगावकडचा, धुळ्यात खोली घेऊन राहतो, दिवसा एका छापखान्यात मुद्रितं तपासतो, उरलेल्या वेळात संघटनेचं काम. कविता लिहितो त्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. सकाळी छापखाना उघडायच्या आधी, टपरीवर, बाकड्याच्या टोकाला बसून. टपरीवाला नानाला वाटतं मी अर्ज लिहितो. एकदोनदा त्याने गिऱ्हाईकही पाठवलं माझ्याकडे, "याच्याकडून लिहून घ्या, झटकन लिहितो." आणि मी लिहूनही दिले अर्ज. कवितेपेक्षा बरे झाले होते.

आमचं मंडळ म्हणजे वाचनालयाच्या मागच्या व्हरांड्यात दर रविवारी भरणारी बैठक. पूर्वी नऊला भरायची. टीव्हीवर रविवारी सकाळी देवादिकांची मालिका लागायला लागली तेव्हापासून अकराला भरते, कारण कवींच्याही घरी टीव्ही आहेत. अध्यक्ष म्हणजे आमचे सर, निवृत्त मराठीचे शिक्षक. डोळे मिटून ऐकतात. ऐकून झालं की "छान" म्हणतात आणि खिशातून पेन्सिल काढतात. 'छान' आणि पेन्सिल यांच्या मधला क्षण फार वाईट. पण सरांनी पेन्सिल लावलेली ओळ खरंच सुधारते, हे मी कबूल करतो. मला त्यांनी एकच गोष्ट सतत सांगितली: "उद्गारचिन्हं कमी कर रे, कानात टोचतात."

अक्का महिन्यातून एकदा यायची, साक्रीहून एसटीने, डब्यात सगळ्यांसाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन. तिची लिहायची रीत आमच्यापेक्षा वेगळी. आम्ही कागदावर खोडतो, ती तोंडात खोडते. शाळा सुटली की फळा पुसतापुसता एक ओळ म्हणायची, घरी चुलीजवळ तीच ओळ पुन्हा म्हणायची, पटली नाही तर टाकून द्यायची. महिना-दोन महिने असं चाललं की मग शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, एका बैठकीत कागदावर. मी एकदा म्हटलं, "अक्का, विसरलीस तर?" ती म्हणाली, "जी इसरी जास ती कवितानी ओय नव्हतीच, भाऊ." विसरली जाते ती कवितेची ओळ नव्हतीच.

वर्गात ती पुस्तकातली मराठी शिकवते. कविता मात्र अहिराणीत. आणि तिचं नाव झालं ते हसवणाऱ्या कवितांनी. एसटीत कोंबडी घेऊन बसलेला म्हातारा आणि कोंबडीचं अर्धं तिकीट मागणारा कंडक्टर, ही तिची कविता जळगावपासून नवापूरपर्यंत माहीत आहे. ती उभी राहिली की लोक खालून ओरडतात, "अक्का, कोंबडी!" ती आधी नको-नको म्हणते, मग पदर खोचते, आवाज चढवते आणि म्हातारा, कंडक्टर आणि कोंबडी तिघंही उभी करते. मीही हसलोय. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आमच्याकडे कविसंमेलनांचा एक ठरलेला क्रम असतो. कोणी बसून ठरवला नाही, पण धुळ्यात तोच, जळगावात तोच, अमळनेरात तोच. आधी प्रतिष्ठित कवी. मग गझल. जेवणाच्या तोंडावर 'एक विद्रोही आवाज', तो मी. मी तारस्वरात म्हणतो, ते टाळ्या वाजवतात आणि पानावर जाऊन बसतात. आणि जेवण झाल्यावर, माणसं पेंगायला लागली की, अहिराणी. झोप उडवायला. अहिराणीत गंभीर काही असू शकतं हे कोणी नाकारत नाही. कोणाच्या मनात येतच नाही.

पौषात एका रविवारी अक्काने बैठकीनंतर मला थांबवून घेतलं. "भाऊ, एक नवी शे. पहिले तू ऐक."

तिची धाकटी बहीण पंधराएक वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली. माहेरी आली होती. अडलं, तेव्हा तिचं पहिलं पोर आईजवळ ठेवलं आणि अक्का तिला बैलगाडीत घालून साक्रीच्या दवाखान्याकडे निघाली. रस्त्यातच गेली, बाळासकट. गाडीत ती जे शेवटचं बोलली ते फक्त अक्काने ऐकलं. आणि ते अक्काने आईला कधीच सांगितलं नव्हतं. आई विचारायची, काही बोलली का गं? अक्का म्हणायची, नाही, शुद्धीत नव्हती.

"आते माय थकनी," ती मला म्हणाली. "तिले सांगाले पाहिजे. तोंडे सांगता येस नही. म्हणून कविता करी."

तिने म्हटली. सुरुवात गाडीची:

गाडी निंघनी गावमाथून,
बैलस्ना गयामा घुंगरू वाजनात.

आणि मग बहीण बोलते:

माय एकली शे,
चुल्हावर दूध शे, उतू जाई,
कोंबड्या झाकेल नहीत.
मायले सांग, मी येस.

बस, एवढंच ती बोलली होती. आई एकटी आहे, दूध उतू जाईल, कोंबड्या झाकायच्या राहिल्या, आईला सांग मी येते. पुढे कविता आणखी थोडी आहे, रस्त्याची. ती मी इथे देत नाही, ती अक्काची आहे.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. वाचनालयाचा शिपाई खुर्च्या आत नेत होता, तोही खुर्ची हातात धरून उभा राहिला होता.

"मेळाव्यात म्हण," मी म्हटलं.

"तेच करनं शे. लोकस्मा म्हणता उनी म्हणजे घरमा म्हणता यी." गर्दीत म्हणता आली म्हणजे घरी म्हणता येईल. तिचा हिशेब असा होता. मेळावा तिच्यासाठी मेळावा नव्हता, आईसमोर बसायची तालीम होती.

माघातला तो रविवार. जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. वरण-बट्टी खाऊन माणूस काय कविता ऐकणार. तरी दोन जणांनी लांबलचक मुक्तछंद वाचला. सूत्रसंचालक आमच्याच मंडळातला, औषधाचं दुकान चालवतो, हायकू लिहितो, स्वभावाने दिलदार. त्याने माईक हातात घेतला आणि म्हणाला, "मंडळी, बट्टीने पोट जड झालंय, या दोघांनी ते आणखी जड केलंय. आता पाचक! अक्का, ये व माय, ये!"

सभागृह तिथेच हसलं. अक्का उभी राहिली तेव्हा लोक आधीच अर्धे हसलेले होते.

"कोंबडी!" मागून कोणी ओरडलं.

"आज दुसरी शे," ती म्हणाली. हेही लोकांना गमतीचं वाटलं.

तिने सुरुवात केली. गाडी निघाली, घुंगरू वाजले. लोक तोंडावर हसू तयार ठेवून बसले होते, गाडी कुठे उलटते ते बघायला. 'चुल्हावर दूध शे, उतू जाई' आलं आणि पहिला हशा फुटला. अक्का थांबली. 'कोंबड्या झाकेल नहीत' म्हणाली आणि सभागृह कोसळलं. कोंबडी आली ना! त्यांना वाटलं, आली, तीच आली. पहिल्या रांगेतले पाहुणे, मोठे लेखक, चष्मा काढून डोळे पुसत होते.

मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. मोर्चात माझा आवाज चौकाच्या पलीकडे जातो. तहसीलदारासमोर टेबलावर हात आपटून बोललोय मी. 'गप्प बसा, तिची बहीण मेलीय' एवढे पाच शब्द होते. तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. शब्द बाहेर आले नाहीत. हसणारे माझे होते ना. वरण-बट्टी आम्ही एकाच पंगतीत खाल्ली होती.

आणि मग जे झालं ते मी पाहिलं नसतं तर बरं झालं असतं. अक्काने पदर खोचला. आवाज चढवला. मान हलवून, डोळे मोठे करून, कोंबडीच्या कवितेतल्या त्या ठसक्यात तिने बहिणीच्या तोंडची शेवटची ओळ म्हटली. 'मायले सांग, मी येस!' 'येस'वर एक हेल काढला. टाळ्या, शिट्ट्या. पुढची रस्त्याची कडवी तिने म्हटलीच नाहीत. पाहुणे म्हणाले, "ते दूध-कोंबडी पुन्हा एकदा होऊ द्या." तिने पुन्हा एकदा म्हटलं.

बाहेर सायकलींजवळ ती मला दिसली. डब्याची पिशवी खांद्याला, एसटी गाठायची घाई.

"अक्का, तू असं का केलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "मी रडनू आसतू अन् त्या हासतच ऱ्हायना आसता, तर मना बहिणनं हासं व्हतं. त्यापेक्षा मीच हसाडं." तिचं म्हणणं असं की आपण रडत राहिलो असतो आणि ते हसत राहिले असते तर हसू बहिणीचं झालं असतं. म्हणून स्वतःचंच करून घेतलं.

"आते घरमा म्हणता येवाव नही," ती म्हणाली. "मना आवाजमा आते त्यासनं हासू शे." आता घरी म्हणता येणार नाही, माझ्या आवाजात त्यांचं हसू शिरलंय.

पुढच्या रविवारी बैठकीला गेलो तर सर वार्षिक अंकाची जुळवाजुळव करत बसले होते. कविता, कथा, समीक्षा आणि शेवटी 'हास्यधारा'. अक्काची कविता हास्यधारेत पहिली.

"सर, ती कविता तिथे जाणार नाही."

"आधी बस. चहा घे." सरांनी स्वतः कप पुढे केला. "का जाणार नाही? मेळाव्याचा कळस होता तो. पाहुण्यांनी दोनदा म्हणवून घेतली."

"ती तिच्या बहिणीच्या मरणाची कविता आहे."

सरांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "मग तिने तशी का नाही म्हटली?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सायकलींजवळ मिळालेलं होतं, व्हरांड्यात सगळ्यांसमोर काढायचं नव्हतं.

"झालं, विद्रोही सुरू झाले," औषधदुकानवाला म्हणाला. "अरे, तिलाच मजा आली! शेवटी शेवटी काय अभिनय केला बाईने."

"तुम्ही तिला पाचक म्हणालात."

"दरवर्षी म्हणतो. गेल्या वर्षी तू स्वतः खुर्चीवरून पडायचा राहिला होतास. तेव्हा नाही पत्रक काढलंस?"

हे खरं होतं. खरं बोलणाऱ्या माणसाचा मला राग आला, म्हणून मी सरांवर घसरलो. ते समजूत घालायला म्हणत होते, "हे बघ, अहिराणी म्हणजे आपल्या ताटातली चटणी. चव तिच्यानेच येते, पण तिने पोट भरत नाही."

"सर, तुमच्या आईशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलायचा?"

"आईशी? ते वेगळं. ते घरचं."

"आणि ती गेली तेव्हा रडलात कोणत्या भाषेत?"

सरांनी माझ्यासाठी भरलेला कप उचलला आणि स्वतःच्या समोर ठेवला, मग लक्षात येऊन पुन्हा माझ्याकडे सरकवला. पत्रकातला असा वार मी कितीदा केलाय आणि त्याबद्दल पाठ थोपटून घेतलीय. त्या दिवशी तो एका म्हाताऱ्या माणसाच्या आईवर बसला. अक्कासाठी भांडतोय म्हणून मी त्याच्या घरात चपला घालून शिरलो होतो.

"तिला विचारून ये," सर शेवटी म्हणाले. "ती म्हणेल तसं करू."

शनिवारी दुपारी मी साक्रीला उतरलो, तिथून जीपने. अक्का आईकडे गेली आहे असं शाळेत कळलं. आईचं गाव पुढे दोन कोसांवर. पोहोचलो तेव्हा माय ओसरीवर सुपात हरभरे पाखडत होती आणि अक्का आत भाकरी थापत होती. अक्काने मला पाहिलं आणि हातातली भाकरी तव्यावर न टाकता तशीच धरून राहिली.

"कोन शे व?" मायने विचारलं. तिला ऐकू कमी येतं.

"मंडळना भाऊ शे," अक्का मोठ्याने म्हणाली. "धुयाथून उना."

"बस, भाऊ, बस." मायने सूप बाजूला ठेवलं. आणि मी बसायच्या आत म्हणाली, "तू बी कविता करस का? हाई सांगे, बहिणवर कविता करी म्हणे. धुयाले म्हणी बी उनी. माले मात्र ऐकाडत नही. आज म्हणसू, उद्या म्हणसू." बहिणीवर केली, धुळ्याला म्हणूनही आली, मला मात्र ऐकवत नाही.

मी अक्काकडे बघितलं. तिने परातीत भाकरी परत ठेवली, पीठ झटकलं आणि दाराच्या चौकटीला येऊन उभी राहिली.

"माय, मनावाला गया बसेल शे," ती म्हणाली. घसा बसलाय म्हणे.

"मंग हाऊ भाऊ वाची दी."

अक्का आत गेली आणि कागद घेऊन आली. माझ्या हातात दिला. मला वाटतं तिला सुटका हवी होती. पंधरा वर्षं सांगायचं राहिलेलं होतं ते कोणाच्याही तोंडून एकदाचं आईपर्यंत जावं.

मायला ऐकू कमी, म्हणून मी आवाज चढवला. 'गाडी निंघनी गावमाथून'. पहिलीच ओळ माझ्या तोंडून ठसक्यात गेली. दुसरीत घुंगरू वाजले तिथे मी मान हलवली. मी ठरवून काही केलं नव्हतं. चढ्या आवाजातली अहिराणी मी आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकली होती, माईकसमोर, जेवणानंतर. माझ्या गळ्याला तिची दुसरी चालच माहीत नव्हती. घरी मी ती लहानपणापासून बोललो, पण हळू, आईशी, चुलीपाशी. चारचौघांत मी ती कधी वापरलीच नाही. वसतिगृहात गेल्याबरोबर पहिल्या आठवड्यात टाकून दिली होती.

आणि माय हसायला लागली.

मोठ्याने नाही. पाहुणा काहीतरी गमतीचं वाचतोय, आपण हसलं पाहिजे, म्हणून ती बोळक्या तोंडाने हसत होती. मला बरं वाटावं म्हणून. तिच्या मेलेल्या मुलीची गाडी गावातून निघाली होती आणि मी तिला हसायला लावत होतो. सभागृहातला हशा मी साक्रीच्याही पुढे, तिच्या ओसरीवर आणून टाकला होता. अक्का चौकट धरून उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

मी कागद खाली ठेवला. म्हटलं, "माय, चुकनं. परत वाचस."

"चुकू दे ना, काय व्हस," माय म्हणाली.

मी उठून तिच्या अगदी शेजारी बसलो, कानाजवळ. तिच्या लुगड्याला हरभऱ्याचा आंबूस वास होता. आवाज खाली घेतला, इतका की अक्काला दारात ऐकू जाऊ नये. माझ्या आईला मी जसं सांगतो, उद्या येणार नाही, परवा येईन, तसं. गाडी निघाली. घुंगरू वाजले. माय एकली शे. चुल्हावर दूध शे, उतू जाई. कोंबड्या झाकेल नहीत.

मायचं हसू कुठल्या ओळीला गेलं ते मला कळलं नाही. 'मायले सांग, मी येस' म्हटलं तेव्हा ती समोर अंगणाकडे बघत होती. पुढची कडवी मी वाचली, ती तिने ऐकली की नाही कोण जाणे.

मग म्हणाली, मला नाही, कोणालाच नाही, "दूध ते मी तव्हयच उतारी लिधं व्हतं. कोंबड्या बी झाकी टाक्या व्हत्या. तिले कोन सांगी?"

दूध मी तेव्हाच उतरवलं होतं. कोंबड्याही झाकल्या होत्या. तिला कोण सांगणार?

अक्का येऊन तिच्यापाशी बसली. दोघी रडल्या. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. कुत्रं आलं, त्याच्याशी बोललो. आत भाकरीचं पीठ वाळून गेलं असेल, असं काहीबाही मनात येत होतं.

चहाच्या वेळी मायने विचारलं, "हाई तू धुयाले म्हणी, मंग लोक काय बोल्यात?"

अक्का माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलायला तिला मदत करणं सोपं होतं. 'आवडली' म्हटलं तर ते खोटंही नव्हतं.

"हसले, माय," मी म्हटलं.

"हासनात?" तिला खरंच कळलं नाही. "का बरं?"

पत्रक लिहिणाऱ्या माणसाला कोणी 'का' विचारलं तर उत्तर तयार असतं. व्यवस्था, शहरी मानसिकता, प्रमाणभाषेची मिरास. सगळे शब्द जिभेवर आले. त्या बाईसमोर एकही उच्चारवेना. मी म्हटलं, "माहीत नाही." माहीत होतं. आमच्या घरी, आमच्या आयांच्या तोंडात जी भाषा आहे तिची आम्हाला लाज वाटते, आणि ती लाज आम्ही हसून निभावून नेतो. सर निभावतात, औषधदुकानवाला निभावतो, मीही निभावत आलो. पाहुणे तर परगावचे, ते आमच्याकडे बघून हसले.

माय विचार करून म्हणाली, "त्यासले माहीत नही व्हतं ना, म्हणून हासनात. आते परत कोठे म्हणनी शे?"

"आते कोठेच नही," अक्का म्हणाली.

"का नही? म्हण. मी येस. मी समोर बससू. मना तोंडकडे देखीसन म्हण."

अक्का नको म्हणाली. मायने दोनदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही, सूप ओढून हरभरे पाखडायला लागली, म्हणजे तिच्या बाजूने विषय संपला. जीपपर्यंत सोडायला अक्का आली तेव्हा म्हणाली, "हास्यधारामाथून काढी टाका. अन् चाळीसगावना संमेलनले मनं नाव द्या." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "पण माय शे भाऊ. तिनासमोर परत तसं व्हयनं तर?"

मी काय शब्द देणार होतो? माझा स्वतःचा गळा ओसरीवर दगा देऊन बसला होता.

सरांनी कविता काढली. एकही प्रश्न विचारला नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "मुद्रितं आलीत, ती बघ आधी." हास्यधारेतल्या रिकाम्या जागी दोन विनोद टाकले, एक नवराबायकोचा, एक मास्तरांचा. कविता इतर कवितांमध्ये लावू का विचारायला मी पुन्हा साक्रीला निरोप पाठवला, तर अक्काचं उत्तर आलं: आधी चाळीसगावला म्हणते, मग छापायचं बघू.

होळीनंतरच्या पहिल्या रविवारी चाळीसगावला संमेलन आहे. कार्यक्रम मी पाहिला. अहिराणी जेवणानंतरच आहे. बदलायला सांगितलं, संयोजक म्हणाले, "भाऊ, क्रम ठरलेला असतो." सूत्रसंचालक कोण, ते अजून ठरलेलं नाही. माय पहिल्या रांगेत बसणार आहे. तिला ऐकू कमी येतं, पण हशा ऐकू येतो.

खान्देशातल्या वाचका, तू त्या दिवशी चाळीसगावला येणार आहेस, मला माहीत आहे, दरवर्षी येतोस. जेवण झालं की मागे उभा राहू नकोस, पुढे येऊन बस. सूत्रसंचालक 'पाचक' म्हणाला, 'आता जरा हसूया' म्हणाला, तर उठून उभा राहा आणि त्याला सगळ्यांसमोर सांग की खाली बस. मी त्या दिवशी सांगू शकलो नाही, तू सांग. अक्का म्हणायला लागली की तोंड मीट. शेजारच्याला हसू फुटलं तर त्याचा दंड धर. आणि कविता पूर्ण संपेपर्यंत, शेवटच्या कडव्यापर्यंत, गप्प बसून ऐक.